डोंगरवार काकाजींचा विचाराधीन कॅमेरा

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात गळ्यात लाकूड अडकवून फिरणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो.

साधंसुधं लाकूड नव्हे. सागवानाचा, रंधा मारून कोपरे गोल केलेला ठोकळा. पुढच्या बाजूला एक गोल दट्ट्या बसवलेला. आत पोखरून मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या भरलेल्या. वर चामड्याचा पट्टा. हे सगळं गळ्यात घालून सदाशिव डोंगरवार, निवृत्त कालवा निरीक्षक, सकाळी दूध आणायला जायचे, दुपारी पोस्टात जायचे आणि आठवडी बाजारात वांगी निवडायलाही जायचे. नवा माणूस बिचकायचा. ओळखीचा माणूस विचारायचा, "का काकाजी, कसा आहे कॅमेरा?" त्यावर काकाजी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून सांगायचे, "मानेले थोडा लागून राहिला."

कारण तो कॅमेरा होता. म्हणजे अजून नव्हता, व्हायचा होता. काकाजींना जो कॅमेरा घ्यायचा होता, त्याच्या मापाचा आणि बरोबर त्याच वजनाचा हा नमुना त्यांनी सुताराकडून करून घेतला. उद्या एवढा महागाचा कॅमेरा घेतला आणि मानेनंच नकार दिला तर? कॅमेरा परत करता येतो, मान परत करता येत नाही. सुतारानं म्हणे काम हाती घेण्याआधी दोनदा विचारलं होतं, की ही वस्तू नेमकी कशाला लागते. काकाजींनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानंतर त्यानं काहीच विचारलं नाही आणि मजुरीही घासाघीस न करता घेतली.

हा विचार करण्याचा रोग काकाजींना घराण्यातून मिळाला आहे. डोंगरवार हे कोहळी समाजातले. आमच्या भागातले जुने तलाव बांधले ते याच लोकांनी. काकाजींच्या पणज्यानं गावाजवळ तलावाची पाळ घालायचं ठरवलं, तेव्हा तो आधी काही पावसाळे नुसता घोंगडी पांघरून माळावर बसून राहिला. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून पळ काढतं, एवढंच पाहत. लोक हसले. मग त्यानं पाळ घातली आणि ती आजतागायत फुटलेली नाही. सगळं गाव त्या पाण्यावर धान पिकवतं, त्यामुळं पणज्याला हसण्याची सोय राहिलेली नाही.

पण पणज्यानं जे तलावासाठी केलं, ते काकाजी प्रेशर कुकरसाठी करतात. "पयले पानी पाहू दे," हे त्यांचं वाक्य. कुकर असो, कूलर असो, पोरासाठी आलेलं स्थळ असो, पयले पानी पाहू दे. त्यांच्या घरी फ्रिज घ्यायचा विचार सुरू झाला तेव्हा त्यांचा मुलगा प्रशांत शाळेत होता आणि बर्फासाठी हट्ट धरून बसला होता. फ्रिज आला तेव्हा प्रशांत इंजिनिअर होऊन बंगळुरूला पोचला होता. पहिला बर्फ काकूंनी एकटीनंच पाण्यात टाकून प्यायला आणि त्यांचा घसा बसला.

मी विमा विकतो. "विचार करून सांगतो" हे वाक्य ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले आहेत. ज्या माणसाला कधीच काही सांगायचं नसतं, तोच विचार करून सांगतो म्हणतो, असा माझ्या धंद्याचा अनुभव. आणि देवाची करणी अशी, की या पंथाचा मठाधिपती माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. काकाजी मला कॅमेऱ्याच्या विम्याबद्दल नेहमी विचारायचे. चोरी झाली तर? पाण्यात पडला तर? माकडानं नेला तर? मी एकदा वैतागून म्हणालो, "काकाजी, जो कॅमेरा जन्मालाच आला नाही, त्याचा विमा कसा काढू?"

"तू पयले सांग तं खरं," ते म्हणाले, "माकडाचं पॉलिसीत कुटी लिवून असते?"

आता हा कॅमेरा कसला, ते सांगायला हवं. मला हे सगळं त्यांच्याच ओसरीवर बसून पाठ झालं आहे. मला स्वतःला मोबाईलशिवाय फोटो काढता येत नाही. तर या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. तो परदेशी असतो आणि त्याच्या किमतीत आमच्याकडं बरा चालता ट्रॅक्टर येतो. एवढे पैसे देऊन मिळतं काय? तर जे साध्या कॅमेऱ्यात असतं, ते यात नसतं. याचा फोकस आपोआप लागत नाही. लेन्समधून दिसतही नाही. बाजूच्या छोट्या खिडकीतून डोकवायचं. त्या खिडकीत मधोमध एक उजळ ठिपका, ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या. लेन्सवरची कडी फिरवत राहायचं. दोन्ही आकृत्या एकमेकींवर बसल्या की फोकस लागला. तोवर समोरचा माणूस उठून चहा प्यायला गेलेला असतो.

लांबचं यात टिपता येत नाही. फार जवळचंही येत नाही. नागझिऱ्याला जाणाऱ्या एका पाहुण्यानं काकाजींना विचारलं, यानं वाघ काढता येईल का? काकाजी म्हणाले, "येईन ना. फक्त वाघाले म्हना लागन, दहा फुटावर येऊन उभा राय, आन मी कडी फिरवतवरी हालू नको."

मग हा कॅमेरा घ्यायचा कशाला, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडेल. मलाही पडला. काकाजींचं उत्तर ठरलेलं. "घ्याचाच असं नाही. पाहून राहिलो."

हे पाहणं कसं चालतं, ते दर रविवारी आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. दुपारची जेवणं झाली की प्रशांतचा बंगळुरूहून फोन येतो. काकाजी मोबाईल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवतात. त्यामुळं आवाज मोठा होतो, अशी त्यांची समजूत आहे, आणि दुर्दैवानं ती खरी आहे. मग घसा खाकरून सुरुवात होते.

"बाबू, एक शंका होती."

"बोला बाबा."

"चष्मेवाल्या मानसाले त्या खिडकीतून पुरी चौकट दिसन का? का कडा कापल्या जातीन?"

प्रशांत सांगायला लागतो. तो सांगतो आणि सांगतच राहतो. चष्म्याचं संपलं की काकाजी बुरशीचं काढतात. आपल्याकडं पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, तिचं काय? पुढच्या रविवारी बॅटरीचं. त्याच्या पुढच्या रविवारी, जुना झाल्यावर विकला तर किती किंमत येईल याचं. न घेतलेल्या वस्तूची विकायची किंमत काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बुरशीच्या प्रश्नावर तर त्यांनी प्रयोगही केला. स्वतःचा जुना चष्मा तांदळाच्या डब्यात पुरून सबंध पावसाळा ठेवला. चष्म्याला बुरशी लागली नाही. तांदळाला सोंडे लागले, आणि ते निवडत बसायची वेळ काकूंवर आली.

फोकसचा सराव म्हणून ते अंतरंही सांगायचे. कोणी समोर येऊन बसलं की आधी "ये, बस" नाही, तर "सात फूट" असं स्वागत. कालव्यावर आयुष्य काढल्यानं अंदाज पक्का. एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवाकडं लाकडी कॅमेरा रोखला, दट्ट्या फिरवला, "आला," असं म्हणाले आणि खाली उतरले. नवरदेव हसत उभा राहिला होता. बिचाऱ्यानं नंतर मला विचारलं की ते फोटो कोणाकडून घ्यायचे. मी म्हणालो, सुताराकडं चौकशी करा.

एकदा त्यांनी मला मोटारसायकलवर गोंदियाला नेलं. म्हणजे पेट्रोल माझं, मोटारसायकल माझी, आणि नेलं त्यांनी. बाजारात कॅमेऱ्याचं एक मोठं दुकान आहे. आतल्या पोरानं काकाजींच्या गळ्यातला ठोकळा पाहिला, पण धंद्याचा माणूस, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"बोलिए अंकलजी, बजट क्या है?"

"बजट बाद में," काकाजी म्हणाले. "पयले ये बताओ, लेन्स बदलाते टाईम राईस मिल का भुसा अंदर जाएगा क्या?"

पोरगा गडबडला. गोंदियात राईस मिली किती आणि हवेत कोंडा किती उडतो हे त्याला ठाऊक होतंच. पण असा प्रश्न त्याला कंपनीनं शिकवलेला नव्हता. तो म्हणाला, "जा सकता है अंकल. लेकिन ये मॉडेल तो हम रखते भी नहीं. ऑर्डर पे आएगा, पूरा ॲडव्हान्स लगेगा. मेरी मानो तो इतने में दो बढिया कॅमेरे ले जाओ. ऑटोफोकस, व्हिडिओ, सब है."

"आन बिगडा तो?"

"ये वाला? बाहर भेजना पडेगा. महीनों लग जाते हैं."

काकाजींचा चेहरा असा खुलला, की जणू मुलीचं लग्न ठरलं. दुरुस्तीला महिनोन्‌महिने लागतात, हे ऐकून आनंदणारं गिऱ्हाईक त्या दुकानात बहुधा पहिल्यांदाच आलं असावं. परत येताना गाडीवर मागून ते मला सांगत होते, "लय मोठी शंका भेटली रमेश. रविवारी हेच काढतो."

मी हेल्मेटच्या आत जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पैसे नव्हते असंही नाही. निवृत्तीचे पैसे बँकेत निवांत पडून होते, आणि काकाजींना विडीचंही व्यसन नाही. मी शंभरदा सांगितलं असेल, काकाजी, घेऊन टाका नाहीतर नाद सोडा. त्यांनी शंभरदा तलावाची पाळ मध्ये आणली.

मग गेल्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, प्रशांत सुटीवर आला आणि येताना कॅमेरा घेऊन आला.

खराखुरा. कोणा हौशी माणसानं थोडाच वापरलेला, पण नव्यासारखा. त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता आणि घरी काही कळू दिलं नव्हतं. गल्लीतले आम्ही सगळे ओसरीवर जमलो. काकू पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या, त्याही थांबल्या. प्रशांतनं खोकं बापाच्या मांडीवर ठेवलं. काकाजींनी ते उघडलं, आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

पडला म्हणजे पडलाच. मी लोकांचे नामंजूर झालेले क्लेम त्यांच्या घरी जाऊन सांगितलेले आहेत. तो चेहरा मी ओळखतो.

"घेऊनच आला?" ते म्हणाले.

"हो बाबा. किती दिवस विचार कराचा?" प्रशांत हसत होता. "तुमच्या सगळ्या शंका तं संपल्या होत्या."

"हो," काकाजी म्हणाले, "संपल्या होत्या खऱ्या."

मला वाटलं, विचार करायला वस्तूच उरली नाही म्हणून म्हातारा हिरमुसला. मनातल्या मनात मी प्रशांतला शाबासकी दिली. अशा माणसांना असंच पाण्यात ढकलावं लागतं. एवढ्यात काकाजींनी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि काकूंकडं वळवला. त्यांची बोटं कडीवर अशी फिरली, की जन्मभर हेच करत आलेत. आवाज इतका बारीक आला, की काकूंनी विचारलं, "झाला का?" मागच्या पडद्यावर फोटो दिसला. काकूंच्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती, आणि त्या कॅमेऱ्याकडं नव्हे, त्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या प्रशांतकडं पाहत होत्या. पापणीचा केस न्‌ केस वेगळा दिसत होता.

सुटी संपली, प्रशांत गेला. लाकडी ठोकळा पेटीत गेला आणि गल्लीनं सुटकेचा निःश्वास सोडला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम जाऊन बसलो. म्हटलं, आता तरी शांतपणे चहा मिळेल. फोन आला. काकाजींनी तो डब्यात ठेवला.

"बाबा, कॅमेरा कसा चालते?"

"मस्त."

"काही अडचण?"

"नाही बा. काहीच नाही."

"जेवले?"

"हो. तू?"

"हो."

मग प्रशांत म्हणाला, "बरं मंग, ठेवतो." आणि ठेवला. माझा चहा अजून बशीत ओतायचा होता.

काकाजी डब्याकडं पाहत बसले. म्हणाले, "आता का बोलाचं, रमेश?"

मला समजेना. काकूंनी समजावलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हात पदराला पुसत, त्या रोखठोक म्हणाल्या, "पोरगा बंगलोरले गेला, तवा असाच फोन व्हाचा. जेवला? जेवलो. पानी आला? आला. ठेवतो. मंग एका डाव त्यानं सहज सांगतलं, का ऑफिसात कोनाजवळ असा असा कॅमेरा पायला म्हनून. ह्याईनं एक गोष्ट इचारली, तं पोरगा तासभर बोलला. तवापासून हे शंका जमवून राहिले. दुसरं का असते बाप-लेकाजवळ बोलाले?"

"कॅमेरा मले कवाचाच समजला होता," काकाजी म्हणाले. "पन तो समजावून सांगते ना, ते आयकाले बरं वाटते. लहान होता तवा मी कालव्यावरच राहो. त्याच्यासंग बोलाचं राहूनच गेलं. घरातल्या बर्फाचंबी राहून गेलं."

मी थंड चहा प्यालो. त्या म्हाताऱ्याबद्दल मला एवढं वाईट वाटलं, की घरी जाऊन बायकोलाही सांगितलं नाही.

पुढचा आठवडाभर काकाजी दिसले नाहीत. रविवारी दुपारी भिंतीवरून हाक आली, "रमेश, येजो जरा." गेलो तर डबा मांडलेला, फोन डब्यात, काकाजी खुर्चीच्या अगदी काठावर.

"बाबू, फोकस हुकून राहिला रे," ते सांगत होते. "ठिपक्यात दोन्ही बरोबर बसते, पन फोटोत मांगं लागते."

"असं कसं होईन? मी होतो तवा तं बरोबर होता."

"गाडीत हादरला असन. मी रमेशले बोलावलं पाहाले."

"रमेशभाऊ आहेत का? रमेशभाऊ, तुमी पाहा ना जरा. खरंच हुकते का?"

काकाजींनी कॅमेरा माझ्या हातात दिला. पडद्यावर काकूंचा तोच फोटो होता. शेंगेवरची शीर दिसत होती. नथीच्या मोत्यात ओसरीचा उजेड दिसत होता. मी इतक्या वर्षांच्या धंद्यात खोट्या क्लेमवर कधी सही केलेली नाही. लोकांनी लाच म्हणून बकऱ्या कापून आणून दिल्या, तरी केलेली नाही.

"हुकते रे बाबा," मी म्हणालो. "मांगं लागते. चांगला वीतभर."

"वीतभर?" प्रशांत चपापला. "मंग तं कडीचं जुळन पाहा लागन. थांबा, मी कुठंतरी वाचलं होतं, लॅपटॉप आनतो. ठेवू नका फोन."

डब्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकाजींनी घाईनं डब्याच्या तोंडावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं वाकले.

"वीतभर लय झालं," ते हळूच म्हणाले. "वीतभर म्हटलं, तं तो दुरुस्तीले पाठवा म्हनन. बोटभर म्हनाचं होतं."

"आता?"

"आता का. पुढच्या रविवारी थोडा सुधारला म्हनजो. एकदम नोको सुधरवू."

डब्यात पुन्हा खुडबुड झाली. काकाजींनी हात काढला, खुर्ची पुढं ओढली आणि डब्याजवळ कान नेऊन म्हणाले, "हं, बोल बाबू."